चूल वेगळी झाली, सातबारा मात्र एकच
लग्नानंतर भावांनी वेगळं राहणं लोकांना अजून खपत नाही, असं म्हटलं जातं; हे मत मराठवाड्यापुरतं तरी पटत नाही. लातूर, बीड, परभणीकडं लग्नानंतर चूल वेगळी झाली म्हणून आता फारसं कुणी नावं ठेवत नाही. घोडं अडतं ते जमिनीपाशी. कित्येक सातबाऱ्यांवर अजून थोरल्याचंच नाव 'एकुमॅ', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून असतं. मग धाकट्यांना पीककर्जाला अडचण येते, आणि बहिणी तर कागदावर दिसतच नाहीत.

खातेफोड, म्हणजे एकत्र जमिनीचे हिस्से ज्याच्या त्याच्या नावावर वेगळे करायचे, तर आधी तलाठ्याकडं किंवा ई-हक्क या महसूल खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज करून एकुमॅ शेरा काढावा, सगळ्या वारसांची नावं लावून घ्यावीत. नोटीस निघाली की हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, प्रमाणित करतात. त्यानंतर सर्व सहधारकांच्या संमतीनं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडं वाटणीचा अर्ज. घोळ होतो तो वारस नोंदीत बहिणींना वगळल्यानं; पुढं विक्रीच्या वेळी तोच दावा उभा राहतो. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानं हक्क आहे, आणि दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. (२० डिसेंबर २००४ पूर्वीची नोंदणीकृत वाटणी मात्र उकरता येत नाही.) तोंडी हक्कसोड, म्हणजे आपला हिस्सा सोडून देणं, चालत नाही, हक्कसोडपत्र नोंदवावंच लागतं. बहिणीनं हिस्सा मागितला की 'माहेर तोडलं' म्हणणं अजून सर्रास चालतं, हे फार अन्यायाचं आहे. निदान सही घेण्याआधी तिला गट नंबर, क्षेत्र आणि तिच्या वाट्याला किती येतं, एवढं तरी सांगा.