शब्दचर्चा: परजीवी लोह ‘शोषतात’ का?

शिवडी: पालिकेच्या शाळांत लावायच्या जंतनाशक फलकाचा मजकूर तपासतेय. एक ओळ: ‘परजीवी शरीरातील लोह शोषून घेतात.’ लगेच खाली: ‘लिंबू पिळल्याने लोह चांगले शोषले जाते.’ एकाच फलकावर शोषणं आधी वाईट, मग चांगलं. दुसरं क्रियापद सुचवा.

परळ: ताई, आधी परजीवी कोणता ते ठरवा. फलक जंतांचा, म्हणजे इथे अंकुशकृमी. तो आतड्याच्या अस्तराला जखम करून चिकटतो आणि रक्त गोठू नये असं द्रव्य सोडतो. जागा बदलली की जुनी जखम झिरपतच राहते. म्हणजे काही रक्त तो पितो, काही नुसतं सांडतं. अंकुशकृमीच्या माणसात आढळणाऱ्या दोन मुख्य जाती, नेकेटर आणि अँकिलोस्टोमा. नेकेटरच्या एका किड्यामुळे दिवसाला साधारण ०.०३ मिलि रक्त जातं, अँकिलोस्टोमामुळे ०.२ मिलिच्या आसपास. १ मिलि रक्तात अंदाजे अर्धा मिग्रॅ लोह. नेकेटरचे १०० किडे धरले तर रोज ३ मिलि रक्त, दीड मिग्रॅ लोह. आहारातून शरीराला रोज मिळतं १ ते २ मिग्रॅ. सांडलेल्यातलं थोडं लोह आतडं परत उचलतं, तरी पाळी सुरू झालेल्या मुलीला एवढी तूट जड जाते. तेव्हा ‘शोषणं’ शरीराकडे ठेवा, जंताला ‘पिणं’ द्या.

मुलुंड: मग ‘जंत रक्त पितात’ असं सरसकट लिहू नका. मुलांच्या डोळ्यांपुढे येतो तो शौचातून पडणारा, गांडुळासारखा गोल जंत. तो रक्त पीत नाही, आतड्यातल्या अन्नावर जगतो. अंकुशकृमी जेमतेम सेंटिमीटरभर, सहसा दिसतही नाही. उगाच दुसऱ्यावर आळ!

गिरगाव: असाच आळ हिवतापाच्या परजीवीवर आहे. ‘तो लोह खातो’ असं सर्रास छापतात. तो तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खातो, पण मुख्यतः त्यातल्या प्रथिनासाठी. उरलेलं हीम, ज्यात लोह असतं, त्याला विषारी. म्हणून बहुतेक हीमचे तो स्फटिक करून टाकतो, हिमोझोइन. क्लोरोक्विन हे हिवतापावरचं औषध असे स्फटिक होऊ देत नाही, मग परजीवी आपल्याच उष्ट्याने मरतो. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत हिवतापाचा शोध घेणाऱ्या डॉक्टर रोनाल्ड रॉसला डासाच्या जठराच्या भिंतीत जे काळे कण दिसले, ते हेच. याला ‘किट्ट’ म्हणावं का? लोखंडाचा मळ, शब्द आपला आहे.

परळ: शब्द देखणा, पण नको. लोहकिट्ट म्हणजे मंडूर, आणि आयुर्वेदात मंडूर भस्म पांडुरोगावर, म्हणजे रक्तक्षयावर देतात. रोगातल्या कचऱ्याला औषधाचं नाव लागेल. ‘हिवतापाचा रंगकण’ पुरे.

मुलुंड: खरी पंचाईत ‘लोहवाहक’ची आहे. रक्तातून लोह नेणारं ट्रान्सफेरिनही लोहवाहक, पेशीच्या पटलातून (पातळ आवरणातून) लोह आत घेणारं प्रथिनही लोहवाहक. आफ्रिकी निद्रारोगाचा परजीवी ट्रिपॅनोसोम ट्रान्सफेरिनला पकडून अख्खं आत ओढतो, तिथे ‘गिळतो’ चालेल. काळा आजाराचा परजीवी लिशमॅनिया माणसाच्या, जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशीत दडून लोहाच्या फेरिक रूपाचं आधी फेरस हे दुसरं रूप करतो, मग पटलातल्या प्रथिनातून आत घेतो. दोन्हीकडे ‘वाहक’ लिहिलं की वाचक हरवतो. रक्तातल्याला ‘लोहवाही प्रथिन’, पटलातल्याला ‘लोहद्वार’ म्हणू या.

गिरगाव: ‘लोहद्वार’ म्हणजे किल्ल्याचा दरवाजा वाटतो राव. पण ‘वाहक’पेक्षा बरा.

शिवडी: फलकाला एवढं पुरेल: ‘अंकुशकृमी हा बारीक जंत अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पितो. त्याने केलेल्या जखमांतूनही रक्त झिरपते. रक्ताबरोबर लोह जाते.’ लिंबाची ओळ आहे तशीच.

परळ: ‘बारीक’ ठळक करा. आणि चित्र गोल जंताचं लावू नका, छापखान्यात हाताशी तेच असतं.