दोन दिवसांचं कोकण आणि गुरुवारची सुरमई

खाडीपल्याड

काल तळजाईकर यांचा 'डिसेंबरात मुरुड-कर्दे: दोन रात्री, चौदा हजार, शून्य आराम' हा धागा वाचला. तिथेच उत्तर लिहायला बसलो तर ते मूळ धाग्यापेक्षा लांब व्हायला लागलं, म्हणून वेगळं काढतोय. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी त्यांच्या तक्रारी: गुरुवारी पोचलो तर घरमालकीण म्हणाल्या, मार्गशीर्ष आहे, आज मासे नाहीत. दुपारच्या जेवणाचं सकाळी दहालाच सांगायचं. शुक्रवारी सुरमई थाळी साडेचारशे, आणि तुकडा 'बर्फातला'. गरम पाणी नऊपर्यंतच. किनाऱ्यावर गाडी उतरवली तर गावातल्या पोरांनी हटकलं. आणि शेवटी निकाल: एवढ्या पैशात गोवा झाला असता, कोकणी माणसाला धंदा कळत नाही.

बाकी सगळं सोडून दिलं असतं. त्या शेवटच्या वाक्याला सटकली.

आमचं घर आंजर्ल्याला, वाडीत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी घरीच होतो, लॉकडाऊनमुळे. दुपारी जेवणाच्या वेळेला वारा वाढला. आम्ही माजघरात बसलो होतो आणि बाहेर एकेक पोफळ काड मोडल्यासारखी मोडत होती. आवाजावरून बाबा मोजत होते, मग त्यांनी मोजायचं सोडलं. संध्याकाळी दार उघडलं तर ओटीवरून समुद्र दिसत होता. आमच्या ओटीवरून समुद्र कधीच दिसत नव्हता. आजोबांच्या वेळेपासून मधे वाडी होती, नुसती गाज ऐकू यायची. आता पाहुणे त्यालाच 'सी व्ह्यू' म्हणतात आणि त्या खोलीचे पाचशे जास्त देतात.

पोफळ लावली तर धरायला सहा-सात वर्षं जातात. तोवर खायचं काय? म्हणून गोठा पाडून दोन खोल्या काढल्या. आमच्या आळीत निम्म्या खोल्या अशाच उभ्या राहिल्यात. हॉटेलचा धंदा शिकून कुणी आलेलं नाही. जेवणाचं दहाला सांगा म्हणतात, कारण नारळ खवायचा असतो, वाटण पाट्यावर नाही तरी मिक्सरवर करायचंच असतं, आणि हे सगळं करणारी बाई एकच असते. तीच सकाळी बंब पेटवते. तुम्ही साडेअकराला उठून बादली मागता तेव्हा तिचा हात भाताच्या पातेल्यात असतो.

गुरुवारी ती घट मांडते. त्याच स्वयंपाकघरात, त्याच दिवशी, तुमच्यासाठी तिने सुरमई तळायची?

तळजाईकर

वादळाचं वाईट वाटतं, खरंच. पण माझे चौदा हजार मी वादळाला दिलेले नाहीत.

बुकिंग करताना फोनवर तीनदा विचारलं, मासे मिळतील ना. तिन्ही वेळा 'हो हो, या तुम्ही'. तारीख त्यांना माहीत होती, महिना माहीत होता, वार माहीत होता. श्रद्धेबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, माझी आईसुद्धा घट मांडते. फक्त आधी सांगा. मी शुक्रवारी आलो असतो.

आणि साडेअकराला उठणारे हे 'तुम्ही' कोण? आम्हाला वर्षात दोन दिवस सलग मिळतात तेव्हा पहाटे चारला पुणं सोडतो. ताम्हिणी, माणगाव, मंडणगड, पोरीला वाटेत दोनदा उलटी. अकराला पोचल्यावर पुढ्यात वालाचं बिरडं. बिरडं छान होतं, नाही म्हणत नाही. पण बिरड्यासाठी मी घाट उतरलो नव्हतो.

बोरिवली स्लो

तुमचा निदान घाट तरी आहे. आमचा मुंबई-गोवा महामार्ग बघा. पनवेल-इंदापूरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता, आता तो गाडी चालवतो आणि मी शेजारी बसून खड्डे दाखवतो. आणि दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर दिव्याला नेऊन ठेवली ती ठेवलीच

कुळागर

आला महामार्ग. वीस मिनिटं लागली, यंदा उशीर झाला.

माहेरवाशीण

गुरुवारबद्दल बोलायचा हक्क मला थोडा जास्त आहे असं वाटतं. माहेर मुरुडचं (दापोलीचं मुरुड, जंजिऱ्याचं नव्हे), सासर ठाण्याचं. माझी वहिनी खोल्या चालवते. गेल्या मार्गशीर्षात एक गट आला. तिने आधीच सांगितलं होतं, गुरुवारी मिळणार नाही. 'चालेल चालेल' म्हणाले. आणि हर्णैहून स्वतःच पापलेट घेऊन आले, म्हणे नुसतं तळून द्या. तिने नाही म्हटलं तर मागच्या पडवीत स्वतःचा गॅस मांडून तळले. घट मांडलेला चौरंग आणि तो गॅस यांत एक भिंत होती. वहिनी काही बोलली नाही. रात्री मला फोन करून रडली. त्यांनी तिला रेटिंगमध्ये एक तारा दिला आणि लिहिलं, 'यजमान फारसे हसतमुख नाहीत'.

तळजाईकर, तुम्ही तसे नसाल. पण फोनवर 'हो हो' म्हणणारी बाई खोटारडी नसते. तिला नाही म्हणायची भीती वाटते.

बाकी डिसेंबरातलं एक कुणी सांगत नाही ते सांगते: वर दापोलीत स्वेटर लागतो, खाली मुरुडला उतरलात की दुपारी घाम. थंडी अनुभवायला म्हणून येऊ नका.

हिशेबनीस

साडेचारशेचं कुणी बोलतच नाहीये. आमच्या बाजारात गेल्या आठवड्यात सुरमई नऊशे रुपये किलो होती. डोकं, शेपटी, पोटातलं जाऊन किलोत सहा-सात तुकडे पडतात. म्हणजे तुकडा दीडशेच्या आत-बाहेर. वर भात, दोन भाकऱ्या, रस्सा, सोलकढी. साडेचारशे म्हणजे लूट नाही, पण 'घरगुती' या शब्दाचे शंभर रुपये त्यात नक्की आहेत.

दर्यावर्दी

हर्णैचा आहे. आमची दोन सिलिंडरची होडी आहे, म्हणून बोलतो.

पहिलं, 'बर्फातला' ही शिवी नाही. होडी दोन-तीन दिवस बाहेर असते, बर्फ भरूनच जाते. बर्फातला वेगळा, शिळा वेगळा. कल्ला उघडून बघायचा, लाल आहे का. डोळा वर आहे का. बोट दाबलं तर खड्डा राहतो का. थाळीतल्या तळलेल्या तुकड्यावरून कुणाला कळत नाही, उगाच बोलतात.

दुसरं, तुम्हा लोकांना मासे दोनच माहीत. सुरमई आणि पापलेट. रोज, प्रत्येक घरी, प्रत्येक थाळीत. समुद्र काय कारखाना आहे? बंदरावर या संध्याकाळी. होडीतला माल बैलगाडीतून पाण्यातून काठावर येतो, वाळूत ढीग पडतात, बायका लिलाव बोलतात. तिथे बांगडा असतो, मांदेली असते, सौंदाळे, लेपे, कोळंबी. त्याच दिवशीचं, फडफडीत. खोल्यावाला उचलतो का? नाही. म्हणतो, पाहुणे खात नाहीत. मग तो दापोलीच्या बाजारातून दोन दिवसांची सुरमई नेतो आणि तुम्ही आमच्या गावाला नावं ठेवता.

आणि सुरमई कमी का झाली तेही ऐका. रात्री किनाऱ्यावर उभे राहून बघा, समुद्रात गाव वसल्यासारखा उजेड दिसतो. एलईडी. दिवे लावून मासे धरण्यावर २०१७ ला केंद्राने बंदी घातली. पर्ससीनवर, म्हणजे अख्खा थवा वेढून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्यावर, राज्याने २०१६ ला निर्बंध आणले. सगळं कागदावर. उजेडावर लहान-मोठं सगळं गोळा होतं आणि एका खेपेत उचललं जातं. आम्ही सकाळी जातो ते डिझेल जाळायला. २०२३ ला पापलेटाला राज्य मासा केलं. मान मिळाल्यापासून तो आमच्या जाळ्यात यायचाच बंद झाला.

मामाचा भाचा

एकतर्फी लिहू नका. माझ्या मामाचं पर्ससीन आहे. साठ लाखांचं कर्ज, वर पंधरा-वीस खलाशी, त्यांची घरं त्यावर चालतात. प्रत्येक पर्ससीनवाला एलईडी लावत नाही. आणि छोट्या होड्यावाले बारक्या आसाचं (भोकांचं) जाळं टाकून पिल्लं उचलतात ते कोण लिहिणार?

दर्यावर्दी

मामांना विचारा, मागच्या हंगामात जनरेटर कशाला भाड्याने घेतला होता. होडीवर गणपती बसवला होता का?

मामाचा भाचा

तुम्ही मामांना ओळखता का? नाही ना? मग तोंड सांभाळून. समुद्र कुणाच्या बापाचा नाही.

दर्यावर्दी

तेच सांगतोय की. नाही कुणाच्या बापाचा. मामाचाही नाही.

हिशेबनीस

साठ लाखांच्या कर्जाचा हप्ता धरला तर उजेडाशिवाय ते फिटतं कसं, हा प्रश्न मला खरंच पडलाय. टोमणा नाही.

मामाचा भाचा

फिटत नाही. दोन हंगाम थकलाय. झालं समाधान?

कुळागर

मंडळी, धागा दोन दिवसांच्या सहलीचा होता. आता यात डिझेलचा परतावा पण येणार.

बोरिवली स्लो

डिझेलवरून आठवलं, महामार्गावर

कुळागर

नको.

एकेकाळी चारचाकी

गाडीच्या मुद्द्यावर कुणीच बोललं नाही. लाज सोडून लिहितो. मागच्या वर्षी मी कर्द्याला ओल्या वाळूवर गाडी उभी केली, मावळतीचे फोटो काढायचे म्हणून. साडेचार वाजले होते, पाणी लांब होतं. एक आजोबा नारळ घेऊन चालले होते. थांबले आणि एवढंच म्हणाले, 'आज दशमी आहे.' मला वाटलं उपासाबद्दल सांगतायत. मी म्हटलं, 'हो का, वा.' ते गेले.

साडेपाचला पुढची चाकं रुतली. जितका रेटा द्यावा तितकी खाली. सहाला पाणी दाराला लागलं. शेवटी ट्रॅक्टर आला, तीन हजार घेतले आणि दोर बांधताना त्या पोराने समजावलं: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पुरी. दशमीची पाऊणपट साडेसात. म्हणजे मी बरोबर पाणी चढताना गाडी नेऊन ठेवली होती. आजोबांनी पूर्ण वेळापत्रक सांगितलं होतं, मला भाषाच कळली नाही. मराठीच होती.

पुढे वायरिंगमध्ये खारं पाणी गेल्याचं निघालं. गाडी विकली.

खाडीपल्याड

हे मी फ्रेम करून ओटीवर लावणार.

पोरं हटकतात ती गंमत म्हणून नाही. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कासविणी अंडी घालायला येतात, कासवांसाठी नाव झालेल्या वेळासलाच नाही, आमच्याकडे आंजर्ल्याला, मुरुडला, कर्द्यालाही. घरटं वाळूत हात-दीड हात खाली असतं, वरून काही दिसत नाही. तुमचं टायर त्यावरून गेलं तर तुम्हाला धक्कासुद्धा जाणवणार नाही.

तळजाईकर

कासवांचं माहीत नव्हतं. माझी गाडी कोरड्या वाळूवरच होती, पण बरं, नाही नेणार.

पण मग तिथे साधी पाटी का नाही? तिथीचा हिशेब मी पुण्यात बसून कसा काढणार? सगळं 'माहीत असायला हवं' आणि कुणी सांगायचं काहीच नाही. गुरुवार सांगायचा नाही, भरती सांगायची नाही, बंब नऊला विझतो तेही आंघोळीला गेल्यावर कळणार. गोव्यात निदान खोलीत एक कागद तरी असतो.

माहेरवाशीण

कागदाचं पटलं. वहिनीला सांगते. अक्षर माझं चांगलं आहे, मीच लिहून देते.

पहिल्यांदाच जाणारा

छान माहिती. आम्ही पण मुरुडला बुकिंग केलंय, शनिवारी निघतोय. तिथून जंजिऱ्याला होडी किती वाजता असते?

कुळागर

अरे देवा.

माहेरवाशीण

दादा, बुकिंगच्या पावतीवर जिल्हा बघा आधी. रायगड लिहिलंय की रत्नागिरी?

पहिल्यांदाच जाणारा

रत्नागिरी लिहिलंय. का?

दर्यावर्दी

जंजिरा तिकडे रायगडात. इकडे हर्णैला या, सुवर्णदुर्ग दाखवतो. तोही पाण्यातच आहे. बांगडा खाणार असाल तर.

खाडीपल्याड

तळजाईकर, फोनवर गुरुवार सांगायला हवा होता, हे मान्य. आज आईला विचारलं, तू का सांगत नाहीस पाहुण्यांना. म्हणाली, 'सांगितलं तर येतील कशाला ते?' आता यावर मी काय बोलणार.

'धंदा कळत नाही' हे मात्र परत घ्या.

तळजाईकर

'धंदा कळतो, पण सांगत नाहीत' असं बदलतो. यापेक्षा जास्त मिळणार नाही.

आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन यायचंय, एक रात्र. कर्द्याला सगळं फुल्ल आहे, नाहीतर विचारलं नसतं. तुमच्याकडे खोली?

खाडीपल्याड

आहे. तेव्हा पौष, गुरुवारची भानगड नाही. सी व्ह्यूचे पाचशे लागतील. गीझर आहे, लाइट असली तर. नसली तर बंब, नऊपर्यंत.

तळजाईकर

दर्यावर्दींकडचा बांगडा चालेल. गाडी किनाऱ्यावर न्यायची नाहीये, नुसतं विचारतो: शनिवारी तिथी कोणती?

खाडीपल्याड

घरात कालनिर्णय असेल ना?