मदत हवी आहे: सरपंचबाईंचा दर्जा अर्पित की अर्जित?

नमस्कार मंडळी,

बाहेरून बी.ए. करतेय, पहिलं वर्ष. समाजशास्त्र पहिल्यांदाच हातात घेतलंय. गृहपाठाचा प्रश्न असा: 'अर्पित व अर्जित दर्जा यांतील फरक आपल्या परिसरातील उदाहरणाने स्पष्ट करा.' व्याख्या पाठ आहेत. लिंग, वय, जात हे जन्माबरोबर आलेलं, ते अर्पित. शिकून-सवरून मिळवलेलं ते अर्जित. राजपुत्र आणि डॉक्टर हीच जोडी पुन्हा उतरवून काढायचा कंटाळा आला, म्हणून आमच्या सरपंचबाई घेतल्या. तिथेच घोडं अडलं.

बाई निवडून आल्या, म्हणजे अर्जित. पण जागा ओबीसी महिला राखीव होती. उभं राहता आलं ते जन्माने मिळालेल्या ओळखीवर. मग कुठे टाकू?

दुसरं म्हणजे कारभार बघतात त्यांचे यजमान. परवा मी रहिवासी दाखल्याला गेले होते. बाई खुर्चीतच होत्या, पण अर्ज घेतला यजमानांनी. "कशाला पाहिजे, कुठं लावायचाय" ही चौकशीही त्यांचीच. मग कागद बाईंपुढे सरकवला, बाईंनी सही करून शिक्का मारला. गाव यजमानांनाच 'सरपंच' म्हणतं. आणि मानवशास्त्रज्ञ राल्फ लिंटन (१९३६) तर म्हणतो, भूमिका ही दर्जाची गतिमान बाजू, म्हणजे त्या दर्जाला धरून केलेलं वागणं; दर्जाशिवाय भूमिका नाही, भूमिकेशिवाय दर्जा नाही. इथे दर्जा एकीकडे नि भूमिका दुसरीकडे! याला भूमिका-संघर्ष म्हणायचं का? शनिवारी वही द्यायचीय.

प्रतिसाद १

ताई, उदाहरण बदलू नका, झकास आहे.

सरपंचपद अर्जितच. आरक्षणाने कोण उभं राहू शकतं एवढंच ठरतं. ओबीसी महिला म्हणून जन्मलेली गावातली प्रत्येक बाई काही सरपंच होत नाही, मतं मिळवावी लागतात. पण इथे थांबलात तर अर्धंच उत्तर. ७३व्या घटनादुरुस्तीने (१९९३ पासून लागू) पंचायतींत महिलांना किमान एक तृतीयांश जागा आल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. का कराव्या लागल्या? अर्पित दर्जामुळेच हे पद बायकांच्या हाती लागत नव्हतं म्हणून. म्हणजे अर्जित दर्जाच्या वाटेवर अर्पित दर्जा आडवा बसलेला असतो. हे वाक्य वहीत येऊ द्या.

प्रतिसाद २

यजमानांबद्दल थोडं वेगळं मत. ते दर्जाशिवाय भूमिका करताहेत असं मला वाटत नाही. त्यांचा दर्जा 'नवरा', 'कर्ता पुरुष' हा आहे, आणि बायकोच्या वतीने बाहेरचं बघणं ही त्या दर्जाची भूमिका गावाला इतकी सवयीची आहे की ती ग्रामपंचायतीच्या कचेरीतही चालून जाते. ग्रामनिधीच्या चेकवर सही मात्र सरपंच आणि ग्रामसेवकाची (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी). चौकशी लागली तर नोटीस बाईंच्याच नावाने येणार, यजमानांच्या नाही. कायद्याने लिंटन शाबूत आहे, गावाने त्याला वळसा घातलाय.

हा भूमिका-संघर्ष नाही. एकाच व्यक्तीच्या दोन दर्जांच्या अपेक्षा एकमेकींवर आदळतात तेव्हा तो होतो. ग्रामसभेचं अध्यक्षस्थान बाईंचं आणि समोर सासरे बसलेत. सून म्हणून खाली बघायचं, सरपंच म्हणून त्यांचा ठराव फेटाळायचा. हा खरा संघर्ष. आणि एकाच भूमिकेतली ओढाताण, म्हणजे घरपट्टी वसूलही करायची आणि पुढच्या वेळी त्याच घरांकडे मतंही मागायची, तो भूमिका-ताण. परीक्षेत ही दोन नावं हमखास उलटसुलट होतात.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही आभार. सासऱ्यांचं उदाहरण तर डोळ्यांसमोर घडलेलं आहे. त्या दिवशी बाई काही बोलल्याच नाहीत, यजमानच मागून उठून बोलले. मग यजमान मध्ये पडले म्हणून बाईंचा संघर्ष टळला, असं लिहिलं तर चालेल?

प्रतिसाद २

चालेल, फक्त 'टळला' नको, 'दडपला' लिहा. गावचं नि बाईंचं नाव मात्र वहीत घालू नका.