राणीबागेचं पुढे काय व्हायला हवं?

भायखळाकर: परवा लेकीला घेऊन मुंबईत भायखळ्याच्या राणीबागेत गेले होते, पेंग्विनपाशी ही गर्दी आणि गोरखचिंचेखाली मात्र कोणीच नाही. बाग १८६२ ची, मुळात झाडांसाठीच लावलेली, प्राणी नंतर आले. पुढच्या ५० वर्षांचा प्लॅन करायचा झाला तर तुम्ही काय मागाल?

पानगळ: आधी झाडं! तीन हजारांच्या वर झाडं आहेत तिथे, उर्वशीचं झाड फुललेलं बघायला मी दरवर्षी मुद्दाम डोंबिवलीहून येते. नवीन पिंजरा, नवीन रस्ता काहीही करा पण जुन्या झाडाच्या मुळांपासून लांब, कारण बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक घातले की पाणी मुरत नाही आणि झाड आतून सुकत जातं, ते आपल्याला चार-पाच वर्षांनी कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. आणि आत्ताच रोपं करून ठेवा, म्हातारं झाड पडल्यावर त्याच जातीचं लावायला हवं ना.

गिरणगावचा: प्राण्यांना नावं ठेवू नका हो ताई, आमच्या चाळीतल्या पोरांनी वाघ पहिल्यांदा तिथेच बघितला. फक्त तिकीट परवडणारं ठेवा आणि सकाळी चालायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना बसायला सावलीत बाकं द्या.

भायखळाकर: पटलं दादा. मला वाटतं झाडांवर मराठी नावाच्या पाट्या लावल्या आणि शेजारच्या भाऊ दाजी लाड म्युझियमबाहेरच्या घारापुरीहून आणलेल्या दगडी हत्तीपासून झाडांची एक फेरी सुरू केली तर पोरं आपोआप तिकडे वळतील. सूचना मागवल्या की मी हेच लिहून देणार आहे, तुम्हीपण द्या.