गांधी मैदानावर सभा: आधी गच्च्या की आधी व्यासपीठ?

अजिंक्यवाला: साताऱ्यात राजवाड्यापाशी गांधी मैदानावर सभा असली की सगळा बंदोबस्त मेटल डिटेक्टरच्या दाराशी. भोवतीच्या गच्च्यांवर कोण? १३ जुलै २०२४ ला अमेरिकेत बटलरच्या सभेत ट्रम्प यांच्यावर ८ गोळ्या झाडणारा दारातून आलाच नव्हता. तो साधारण १३० मीटरवरच्या छतावर होता, आणि ती इमारत सुरक्षा घेऱ्याच्या बाहेर धरलेली. छताला उतार होता म्हणून वर माणूस ठेवला नाही, हे त्यांची सुरक्षा पाहणाऱ्या सिक्रेट सर्व्हिसच्या तेव्हाच्या संचालिकाबाईंचं उत्तर! इथे तर पत्र्याची छपरंच जास्त. आदल्या दिवशी यादी करा, जिन्यांच्या किल्ल्या घ्या, उताराच्या छपरासमोर उंचावर दुर्बीणवाला बसवा. तेवढं मनुष्यबळ नसेल तर मैदान बदला.

मिरजमळा: नाही पटत. आपल्याकडे धोका हाताच्या अंतरावरचा. २१ मे १९९१, श्रीपेरुंबुदूर, राजीव गांधींची सभा: हार घेऊन आलेल्या बाईच्या कमरेला स्फोटकं. सांगलीत काय चालतं? व्यासपीठावर वीस खुर्च्या, चढतात चाळीस. पासवर फोटो नाही, आणि जिन्याशी उभा शिपाई तालुक्याच्या पुढाऱ्याला अडवणार आहे थोडाच! हार आधी तपासून एका टेबलावर, घालणारे पाच जण नावानिशी, बाकीचे पीएसओने, म्हणजे नेत्याच्या अंगरक्षकाने, परस्पर घ्यायचे. गच्च्या नंतर.

अजिंक्यवाला: पाच जण ठरवणार कोण? आयोजक. म्हणजे यादी रात्री पन्नासवर.

बिनतारी: दोघंही माणसंच मोजताय. बटलरला स्थानिक पोलिसाने छतावर बंदूक पाहिली, वायरलेसवर ओरडून सांगितलं. गोळीबाराला अर्धं मिनिट होतं. सिक्रेट सर्व्हिस त्या चॅनलवर नव्हतीच. इथे गच्चीवर होमगार्ड बसवाल, त्याच्याकडे सेट नसेल तर तो मोबाईल लावणार, आणि भर सभेत नेटवर्क बसलेलं. आधी एक चॅनल, एक कंट्रोल.

मिरजमळा: चॅनलने जपानचे माजी पंतप्रधान आबे वाचले असते? ८ जुलै २०२२, नारा. पाठ उघडी, मारेकरी मागून चालत आला. पहिला बार चुकला, दुसरा अडीच-पावणेतीन सेकंदांनी. तेवढ्यात त्यांना कुणी खाली दाबलं नाही.

बिनतारी: ते मान्य. पण आपल्या सभेत पहिला आवाज फटाक्यांच्या माळेचाच असतो. नेत्याची गाडी आली की माळ, भाषण संपलं की माळ. पीएसओ कितीदा दाबणार? परवानगीतच लिहा: मैदानात आणि लगतच्या रस्त्यांवर माळ लावली तर आयोजकावर गुन्हा.

अजिंक्यवाला: लिहितील. आणि माळ लावणारा आयोजकाचाच पुतण्या निघेल.