शनिवारवाडा दाखवताना ‘काका, मला वाचवा’ सांगायचं की गाळायचं?

जोत्यावरचा
पाहुण्यांना वाडा दाखवायला नेलं की दिल्ली दरवाज्यातच कुणीतरी ‘पौर्णिमेला इथे खून झालेल्या नारायणराव पेशव्याची हाक ऐकू येते’ सुरू करतं. माझं मत ठाम आहे: आत शिरताना हा विषय काढूच नये. एकदा काढला की पुढचा तासभर लोक ‘नेमकं कुठे मारलं?’ एवढंच विचारतात. दारावरचे हत्तीला रोखणारे लोखंडी खिळे, वाकूनच जावं लागेल अशी दिंडी (मोठ्या दारातलं छोटं दार), आत जाताच उजवीकडे वळणारी वाट (शत्रूला सरळ मुसंडी मारता येऊ नये म्हणून) हे सगळं पहिल्या पाच मिनिटांत येतं आणि नेमकं तेच हुकतं. आधी जोती, मग हजारी कारंजं, मग तट. भूत शेवटी, तेही कुणी विचारलं तर.

खिडकी_दरवाजा
साफ नामंजूर. फेब्रुवारी १८२८ च्या आगीत महाल जळून गेले. आत उरली जोती आणि हिरवळ. दहा वर्षांच्या पोराला रिकाम्या चौथऱ्यावर उभं करून ‘इथे महाल होता’ म्हटलं तर त्याला काय दिसणार? तीच हाक सांगा. मग पोरगं स्वतःच विचारतं: तो पळाला कुठून, काका कुठे होता, दारं किती? पाच दारं मोजून होतात आणि वाड्याचा नकाशा डोक्यात बसतो. तुमच्या खिळ्यांनी एवढं होत नाही.

त्रयोदशी
गोष्ट सांगा, पण तिथी तरी नीट सांगा. हत्या झाली ३० ऑगस्ट १७७३ ला, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला, ऐन गणपतीच्या दिवसांत आणि भर दुपारी. नारायणराव १८ वर्षांचा. पगार थकल्याच्या निमित्ताने गारदी (भाडोत्री शिपाई) आत घुसले, हा जीव वाचवायला काकाकडे, रघुनाथरावाकडे धावला. पौर्णिमा अजून दोन दिवसांवर होती, आणि काहीजण सांगतात त्या अमावास्येच्या आवृत्तीला तर काही बूडच नाही. दुपारी मेलेल्या माणसानं हाक मात्र रात्रीच का मारावी, हे आजवर एकाही रसिकानं सांगितलेलं नाही.

शिवाय पुरातत्त्व खात्याचं स्मारक, संध्याकाळी दार बंद. म्हणजे रात्री ‘ऐकणारे’ सगळे तटाबाहेर, शिवाजी रस्त्यावर, रिक्षांच्या हॉर्नमध्ये!

खिडकी_दरवाजा
@त्रयोदशी, तिथी मान्य. पण लोककथा पंचांग बघून चालत नाही हो. अडीचशे वर्षांनंतरही सामान्य माणसाला त्या पेशव्याचं नाव माहीत आहे ते हाकेमुळे. कारकीर्द जेमतेम नऊ महिन्यांची. हाक नसती तर तो थोरल्या माधवरावानंतरची एक तळटीप झाला असता.

मोडी_वाचक
दोघेही एका जागी घसरता. हाकेला जोडूनच ‘ध चा मा’ येतं: गारद्यांना दिलेल्या हुकमातल्या ‘धरावे’चं रघुनाथरावाच्या बायकोनं, आनंदीबाईनं ‘मारावे’ केलं म्हणे. ही आख्यायिका आहे, ‘असं सांगतात’ म्हणूनच सांगा. त्याच दमात ठाम इतिहास म्हणून सांगितलं की एका बाईवर कायमचा शिक्का बसतो, आणि रघुनाथराव मात्र बिचारा काका होऊन सुटतो.

सांगायचंच असेल तर नारायण दरवाज्यापाशी सांगा. दक्षिणेकडचं हे दार आधी जांभूळ दरवाजा होतं. नारायणरावाचा देह इथून बाहेर नेला म्हणून नाव बदललं अशी परंपरा आहे. बोट दाखवायला खरी जागा मिळते. दिल्ली दरवाज्यात सांगाल तर लोक भलतीच भिंत हुंगत बसतील.

जोत्यावरचा
नारायण दरवाज्याची सूचना घेतली, माझ्या क्रमात ती शेवटीच बसते. बाकी भुतापेक्षा जिने घातक. पायऱ्यांची उंची सारखी नाही, पावसाळ्यात शेवाळ धरतं, गुळगुळीत तळव्याची चप्पल हमखास घसरते. तटावर सोडत असतील तर लहान मुलांचा हात सोडू नका. दुपारी आत सावली नाहीच म्हणायची, तेव्हा सकाळी दार उघडतानाच जा, पाणी घेऊन. नीट बघायला दीड तास हवा.

खिडकी_दरवाजा
दीड तास! हाक गाळलीत तर पाहुणे वीस मिनिटांत भेळ शोधायला बाहेर पडतील, पैज.