सँटा फे: हॉटेल घ्यावं की छोटं बेड अँड ब्रेकफास्ट?

नौपाडाकर:
सप्टेंबरअखेर आई-बाबांना घेऊन बहिणीकडे डेन्व्हरला जातोय. तिथून गाडीने न्यू मेक्सिकोत सँटा फे आणि ताओस करायचा बेत आहे. बहीण म्हणते, मातीच्या घरातलं छोटं बेड अँड ब्रेकफास्ट बघ. बाबा सत्तरीचे, आई शुद्ध शाकाहारी. परक्याच्या घरात अवघडल्यासारखं होईल का? कुणी राहिलंय?

पामबीच_नेरूळ:
राहिलेय, आणि अगदी मनापासून सांगते, तेच घ्या. आमचं प्लाझापासून, म्हणजे गावातल्या मुख्य चौकापासून, चालत जाण्याच्या अंतरावर होतं. मोजक्या खोल्या, मधे अंगण, पुढे पडवी, खांबांना लाल मिरच्यांच्या माळा. भिंती ॲडोबीच्या, म्हणजे माती, वाळू आणि पेंढा कालवून उन्हात वाळवलेल्या विटांच्या. इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात पाय वर घेऊन बसायचे मी. दुपारी बाहेर ऊन रणरणत असताना आत गारवा, आणि रात्री भिंतीला हात लावला तर ती अजून कोमट. छताला सोललेले गोल ओंडके, त्यांवर काटक्यांची ओळ. आजोळच्या माडीवर झोपल्यासारखं वाटायचं.

कोपऱ्यात मातीची गोलसर शेकोटी असते. तिच्यात पिन्यॉनची (तिथल्या बुटक्या पाइनची) लाकडं उभी रचून पेटवतात. तो वास अंगणभर पसरतो. सप्टेंबरअखेर रात्री चांगलीच थंडी असते, तेव्हा शेकोटीची खोली मागाच. पण ती लाकडाची आहे की गॅसची, हे आधी विचारा. घरही खऱ्या ॲडोबीचं आहे ना, तेही विचारा. १९५७च्या नियमामुळे तिथल्या जुन्या भागात नव्या इमारतींनाही तसंच रूप द्यावं लागतं, त्यामुळे बाहेरून सगळं मातीचंच दिसतं.

अवघडलेपण पहिल्या नाश्त्याला जातं. सगळे एकाच टेबलावर. आमच्या मालकीणबाई निळ्या मक्याचे पॅनकेक स्वतः वाढायच्या. अंड्यांवर चिली, म्हणजे तिथल्या मिरचीचा रस्सा, घालायच्या आधी ‘लाल की हिरवी?’ हा प्रश्न ठरलेला. चिमायो गावावरून डोंगरातल्या रस्त्याने ताओसला जा, हेही त्यांनीच सुचवलं. तो रस्ता चुकवू नका.

आईंसाठी मात्र बुकिंगच्या वेळीच स्पष्ट लिहा. हिरव्या चिलीच्या रश्श्यात बरेचदा डुकराचं मांस असतं, आणि घोटलेल्या बीन्समध्येही कधीकधी चरबी घालतात. घरचीच मंडळी रांधतात, त्यामुळे आधी कळवलं की वेगळं करून देतात.

कोपरी_पूर्व:
एक भर घालतो. अशा ठिकाणी रात्री काउंटरवर कुणी नसतं. पोचायची वेळ कळवून ठेवा. लिफ्टही बहुधा नसते, बाबांसाठी तळमजलाच घ्या. सँटा फे सुमारे ७,००० फुटांवर आहे. डेन्व्हरही उंचावरच, तिथे आधी राहून जाताय म्हणजे थोडी सवय होईल, तरी पहिल्या दिवशी फार चालवू नका आणि पाणी भरपूर पाजा.

पामबीच_नेरूळ:
अगदी बरोबर. आणि ताओस प्वेब्लोला, म्हणजे तिथल्या मूलनिवासींच्या जुन्या मातीच्या वस्तीला, जाणार असाल तर तारीख बघा. ३० सप्टेंबरला त्यांचा सान हेरोनिमोचा उत्सव असतो. त्या दिवशी फोटो काढायला सक्त मनाई. मोबाइल गाडीतच ठेवायचा. ते जागतिक वारसास्थळ आहे खरं, पण लोक आजही तिथे राहतात.

नौपाडाकर:
ताई, कोपरीकर, मनापासून आभार. तळमजला, लाकडाची शेकोटी आणि आईचं जेवण, तिन्ही आज रात्रीच मेलमध्ये लिहितो. ३०ला ताओस धरायचं का, ते बाबांना विचारून कळवतो.